नुसती मान आवळायची की अख्खी पुंगळी? .३०८च्या पन्नास पुंगळ्यांची गोष्ट

एरीकाठ

गॅरेजमधल्या फळीवर एक प्लास्टिकचा डबा आहे. त्यात .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या पन्नास पुंगळ्या (दारू आणि गोळी धरणारी पितळी नळी ती पुंगळी), प्रत्येकीच्या बुडावर मार्करने पाच टिंबं. म्हणजे पाचदा झाडलेल्या. या पाचही वेळा मी त्यांची फक्त मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, डायमध्ये (माप देणाऱ्या पोलादी साच्यात) आवळली, बाकी अंगाला हात लावला नाही. हा डबा मी अजून मोडीत काढलेला नाही, कारण त्यातल्या एका काडतुसाने माझी एक मॅच घालवली आणि माझा सहा वर्षांचा समज बदलला. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी ओहायोत राहतो. एफ-क्लास नावाचा नेमबाजीचा प्रकार आहे, त्यातल्या एफ-टीआर गटात भाग घेतो. झोपून, बायपॉडवर रायफल टेकवून ६०० आणि १००० यार्डांवर नेम धरायचा. या गटात .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन हीच काडतुसं चालतात आणि सगळ्या सामानासकट रायफल ८.२५ किलोच्या आत असावी लागते. १००० यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ १० इंच व्यासाचं आणि त्याच्या आतलं एक्सचं ५ इंचाचं. इतक्या लांबून इतकं लहान वर्तुळ गाठायचं तर प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं, म्हणून इथले बहुतेक स्पर्धक काडतुसं स्वतः भरतात. स्वतःपुरती भरायला इथे परवाना लागत नाही. भारतात तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा भारतातल्या वाचकांनी हा धागा माहितीपुरता वाचावा. दारूची मापं मी इथे देणार नाही, ती छापील मॅन्युअलमधूनच घ्यायची असतात.

आता मूळ मुद्दा. काडतूस झाडलं की आतल्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला भिडतं. दाब उतरला की थोडं मागे येतं. भोसरीच्या टूलरूममध्ये आम्ही ज्याला स्प्रिंग-बॅक म्हणायचो, तेच. मग पुंगळी जवळजवळ आपल्या चेंबरच्याच मापाची होऊन बसते, पण मान सैल पडलेली असते. तिच्यात नवी गोळी धरून राहणार नाही. म्हणून मान आवळावीच लागते. प्रश्न एवढाच, की फक्त मान आवळायची की पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) आणि अंगही डायमध्ये घालायचं.

फक्त मान आवळण्यामागचा विचार मला पहिल्या दिवसापासून पटला होता. पुंगळी आपल्या चेंबरला बेतलेली आहे, शिंप्याने अंगावर मापं घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी, तर ते माप कशाला मोडायचं? गोळी नळीच्या मध्यावर राहील, पितळ कमी ताणलं जाईल, पुंगळी जास्त टिकेल. टूलरूममध्ये वाढलेल्या माणसाला हे सगळं सरळ दिसतं.

मॅच गेल्या वर्षीची. वीस गोळ्यांची फेरी, वारा डावीकडून, ध्वज अर्धे उचललेले. तेरा गोळ्या छान गेल्या. चौदाव्या काडतुसावर बोल्टचा (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणाऱ्या भागाचा) दांडा अर्ध्यावर अडला. मी तळव्याने रेटला, बंद झाला. पण रेटताना माझ्या खांद्याची बैठक हलली, गाल स्टॉकवरून उठला आणि मी पुन्हा स्थिर होईपर्यंत वारा बदलला होता. ती गोळी आठात. पुंगळी काढताना दांडा इतका जड होता की रायफल बायपॉडवरून सरकली. पुढची गोळीही आठात. नंतर डबा तपासला तर पन्नासातल्या अकरा पुंगळ्या तशाच घट्ट जात होत्या आणि उरलेल्या एकोणचाळीस सहज. म्हणजे मी ज्याला एकसारखं माप समजत होतो, ते एकसारखं नव्हतंच.

कारण नंतर समजलं. पहिल्या एक-दोन वेळा पितळ भरपूर मागे येतं, म्हणून पुंगळी सहज आत जाते. प्रत्येक झाडणीत ती चेंबरच्या मापाच्या आणखी जवळ सरकते आणि पितळ कडक होत जातं. चौथ्या-पाचव्या वेळी काहींच्यात फटच उरत नाही. सगळ्या पुंगळ्या एकाच वेळी तिथे पोचत नाहीत, खरी अडचण ही आहे. एक काडतूस सैल, पुढचं घट्ट, आणि बोल्ट दर वेळी वेगळ्या जोराने बंद होतो.

आता मी अख्ख्या पुंगळीला माप देणारी पूर्ण डाय वापरतो, पण खांदा फक्त दीड-दोन थाऊ मागे ढकलतो. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या कामात हाच शब्द.) माझ्या रायफलमध्ये चौथ्या झाडणीनंतर खांदा कमाल किती पुढे येतो ते मोजलं आणि डाय तिथून खाली बसवली. डायचे आटे सात-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला चौदा. म्हणजे एका फेऱ्याला ७१ थाऊ. दोन थाऊ हवे असतील तर डाय जेमतेम १० अंश फिरवायची. हे कळेपर्यंत मी अंदाजाने अर्धा-अर्धा फेरा फिरवत होतो, म्हणजे एका झटक्यात ३५ थाऊ!

इथे कुणी रीलोडिंग (पुंगळ्या पुन्हा भरणं) करत असेल तर अनुभव जरूर लिहा.

करवीरकर

दादा, वाचता वाचता तो बोल्ट अडल्याचा क्षण माझ्याही पोटात आला. मी कोल्हापूरची, ५० मीटर रायफल खेळते. आमची .२२ची काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत, कारण ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटून ती चेपते. एकदा झाडली की पुंगळी संपली.

म्हणून आमच्याकडे हा सगळा जीव लॉट (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांची खेप) निवडण्यात जातो. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण लॉट बदलला की रायफल वेगळी वागते. युरोपात कंपन्यांच्या स्वतःच्या टेस्ट रेंज आहेत, लापुआची जर्मनीत शोनेबेकला आहे. रायफल किंवा नुसती नळी तिथे शिकंज्यात बांधून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून बघतात आणि जो लॉट जुळेल तो एकदम जास्त घेऊन ठेवतात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (झोपून नेम) जगज्जेती झाली आणि आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं. तेव्हापासून इथली लहान मुलंही लॉट नंबर विचारायला लागली आहेत. मला तुमचा हेवा वाटतो. आम्ही चांगला लॉट शोधत फिरतो, तुम्ही तो घरी तयार करता.

एक विचारते. मान किती आवळली हे तुम्हाला कळतं कसं?

एरीकाठ

ताई, सोपं आहे. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान बाहेरून मायक्रोमीटरने मोजायची. माझ्या पितळाची ३३६ थाऊ येते: गोळी ३०८ आणि दोन बाजूंच्या भिंती चौदा-चौदा. बुशिंग डायमध्ये कडक पोलादाची एक छोटी कडी असते, ती एकेक थाऊच्या फरकाने मिळते. ३३४ची कडी घातली की मान गोळीपेक्षा साधारण दोन थाऊ लहान होते. तेवढ्या पकडीत माझी रायफल खूश आहे. तीन थाऊ पकडीची कडी लावून बघितली, गोळी बसवताना जोर जास्त लागला, लक्ष्यावर फायदा काही दिसला नाही.

टूलरूमवाला

एरीकाठ, भोसरीचं नाव वाचून राहवलं नाही. मी चिंचवडला प्रेस टूलमध्ये सत्तावीस वर्षं काढली. बंदुकीतलं मला काही कळत नाही, पण पितळाची नळी आवळणं-फुगवणं हे रोजचं काम होतं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक. तुम्ही मान बाहेरून आवळता. नळीची भिंत एका बाजूला चौदा आणि दुसऱ्या बाजूला पंधरा थाऊ असेल तर बाहेरून गोल केल्यावर तो फरक आत जातो. बाहेर डायल लावली तर काटा हलणार नाही, आतलं भोक मात्र एका बाजूला सरकलेलं असेल. गोळी आतल्या भोकाला धरून बसते, बाहेरच्या गोलाला नाही. तेव्हा शेवटचं माप आतून द्यायला हवं, मॅन्ड्रेल (नेमक्या मापाचा दांडा) घालून. मग तो फरक बाहेर ढकलला जातो, तिथे तो कुणाचं काही बिघडवत नाही.

दोन. तुमच्या साध्या डायमध्ये काय असतं मला माहीत नाही, पण मान आधी गरजेपेक्षा जास्त आवळून मग आतून गोळा ओढून बाहेर काढत असतील, तर ओढताना मान वाकणारच. लांब दांड्याच्या टोकाला गोळा, दांड्याला आधार नाही. आमच्याकडे असं टूल कुणी बनवलं असतं तर इन्स्पेक्शनमध्येच परत आलं असतं.

एरीकाठ

काका, तुम्ही न बघता अचूक ओळखलंत. साध्या डायमध्ये अगदी तेच असतं, मान खूप आवळतात आणि परतताना एक्स्पांडरचा गोळा आतून खेचतात. मी तो गोळा काढून टाकून बरीच वर्षं झाली. त्याआधी रनआउटच्या (किती वाकडी फिरते ते दाखवणाऱ्या) गेजवर पुंगळी फिरवली की डायलचा काटा चार-पाच थाऊ डोलायचा. आता दीडच्या आत. मानेला आतून किंचित कोरडं ग्राफाइट लावून मॅन्ड्रेल वरून खाली ढकलतो, ओढत नाही. ढकलताना पुंगळीला बुडाचा सरळ आधार मिळतो.

राइनतीर

मी जर्मनीत, कोलोनजवळ. इथे रीलोडिंग करायचं तर स्फोटक पदार्थांच्या कायद्याच्या २७व्या कलमाखाली वेगळा परवाना काढावा लागतो. आधी कोर्स, परीक्षा, मगच दारू हातात मिळते. एवढं सगळं करून मी गेली नऊ वर्षं ली कंपनीची कोलेट नेक डाय वापरतोय आणि तुमच्या निष्कर्षाशी पूर्ण सहमत नाही.

कोलेट डायमध्ये मानेच्या आत आधीच मॅन्ड्रेल असतो. प्रेसचा दांडा दाबला की बाहेरून कोलेटचे (चिरा असलेल्या पकडीचे) ओठ मानेला त्या मॅन्ड्रेलवर चेपतात, लेथवर जॉब धरतो तसं. टूलरूमवाले काका म्हणतात ते माप आतूनच मिळतं. तेल-वंगण लागत नाही, पुसायचं काम नाही. मान घासत आत-बाहेर होत नाही, म्हणून सरळ राहते. एकच पथ्य: दांडा निम्म्याने दाबून सोडायचा नाही. चांगला वजन देऊन दाबायचा, पुंगळी थोडी फिरवायची, पुन्हा दाबायचा. पहिल्या महिन्यात मी हलक्या हाताने दाबत होतो आणि गोळ्या बोटाने आत सरकत होत्या.

माझ्या पुंगळ्या आठ-नऊदा झाडल्या गेल्यात. घट्ट वाटायला लागली की एकदा बॉडी डायमधून काढतो. ती फक्त अंग आणि खांदा नीट करते, मानेला शिवत नाही. मी मॅन्युअलच्या मधल्या भागातल्या दाबावर राहतो, तुम्ही १००० यार्डांसाठी वरच्या टोकाला जात असाल. पितळ लवकर घट्ट होण्याचं कारण ते असू शकतं. दोष डायचा नाही.

एरीकाठ

राइनतीर, दाबाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. मी वरच्या टोकाजवळ असतो, आणि कोलेट डाय मानेचं काम सुंदर करते यात वाद नाही. माझ्याकडेही आहे.

पण 'घट्ट वाटायला लागली की' या शब्दांवर माझं घोडं अडतं. तुमची पुंगळी आठवडाभराच्या सरावात घट्ट वाटली तर तुम्ही ती बाजूला ठेवाल. माझी चौदाव्या गोळीला घट्ट वाटली. म्हणून मी आता वाट बघत नाही, दर वेळी दीड-दोन थाऊ सरकवतो. तुमची बॉडी डाय आणि कोलेट डाय दर वेळी जोडीने वापरली तर तुम्ही आणि मी एकच काम करतोय, दोन तुकड्यांत.

मोजायची माझी पद्धत सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. बोल्टमधून पिन आणि तिची स्प्रिंग काढून ठेवायची, म्हणजे दांड्याला फक्त पुंगळीचाच विरोध राहतो. झाडलेली पुंगळी चेंबरमध्ये घालून दांडा सोडायचा. अडला तर डाय थोडी खाली घ्यायची, पुंगळी पुन्हा आवळायची, पुन्हा घालायची. एका क्षणी दांडा स्वतःच्या वजनाने, कुणी हात न लावता, टपकन खाली पडतो. तिथून फारसं पुढे जायचं नाही. मग व्हर्निअरला ४०० थाऊ भोकाची कडी लावून खांद्यापर्यंतची लांबी मोजायची आणि वहीत लिहून ठेवायची. .३०८ साठी खांद्यावर माप घ्यायची जागा तीच.

बेंचरेस्टवाल्यांचा (टेबलावर रायफल टेकवून नेम धरणाऱ्यांचा) इतिहासही हेच सांगतो. पाल्मिसानो आणि पिंडेल यांनी १९७५मध्ये ६ पीपीसी काडतूस काढलं. त्या काळी रेंजवरच्या टेबलावर विल्सनची हातडाय, लाकडी हातोडी, आणि फक्त मान आवळणं हीच रीत होती. आज त्याच खेळातले बहुतेक जण पूर्ण डाय वापरतात, फक्त ती आपल्या चेंबरला बेतून घेतलेली असते. पूर्वी बाजारातली पूर्ण डाय पितळ फारच दाबायची, म्हणून लोक तिच्यापासून दूर पळाले. ते पळणं चुकीचं नव्हतं.

निवृत्त_हवालदार

थ्री-नॉट-थ्रीबद्दल लिहितो. आयुष्य तिच्यासोबत गेलं. आम्ही पुंगळ्या मोजून परत करायचो, भरण्याचा प्रश्नच नव्हता. पण रिकामी पुंगळी हातात घेतली की खांदा पुढे सरकलेला आणि अंग बुडाजवळ फुगलेलं दिसायचं. असं का?

एरीकाठ

साहेब, नमस्कार. फुगायचं, कारण त्या रायफलचं चेंबर युद्धात चिखल-मातीतही काडतूस आत जावं म्हणून मुद्दाम सैल ठेवलेलं. काडतूस खांद्यावर नाही, बुडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे खांद्याला पुढे भरपूर जागा. शिवाय त्या रायफलचा, म्हणजे ली-एनफिल्डचा, बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, दाबाखाली तो जरासा दबतो. अशा पुंगळीचा खांदा दर वेळी मागे ढकलला तर ती दर वेळी बुडाजवळ ताणली जाते आणि काही झाडण्यांत तिथेच तुटते. थ्री-नॉट-थ्री भरणाऱ्यांना म्हणूनच फक्त मान आवळण्याचा सल्ला देतात, आणि तिथे तो बरोबर आहे. सगळ्या रायफलींना एकच नियम लावता येत नाही.

चाफेकळी

माझे यजमान इथे टेक्सासमध्ये नुकतेच रीलोडिंग शिकतायत, सेमी-ऑटो रायफलसाठी. त्यांनी नेक डाय मागवली आहे. चालेल ना?

एरीकाठ

ताई, नाही. ती परत करायला सांगा. सेमी-ऑटोमध्ये बोल्ट हाताने बंद होत नाही, स्प्रिंग करते. पुंगळी घट्ट असेल तर बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आधीच अडकू शकतो, आणि अर्धवट बंद बोल्टवर काडतूस उडालं तर माणूस जखमी होतो. तिथे पूर्ण डायच, दर वेळी. आणि अनुभवी माणसाच्या शेजारी बसून पहिल्या पन्नास पुंगळ्या भरायला सांगा.

तांबट_आळी

आमचं घराणं पुण्याच्या कसब्यातलं, तांब्या-पितळेचं. तुम्ही पितळ कडक होण्याबद्दल लिहिलंत म्हणून बोलतो. मठारकामात भांड्यावर ठोके पडले की धातू कडक होतो, आवाजच बदलतो. बद्द वाजणारं पातेलं टणटण वाजायला लागतं. मग ते भट्टीत घालून नरम करतात, नाही तर पुढच्या ठोक्याला चीर जाते. तुमची मान दर वेळी फुगते आणि आवळली जाते, म्हणजे तिलाही ठोके पडतातच की. ती नरम करता का?

एरीकाठ

दादा, करतो, पण माझी चूक इथेच होती. पाच झाडण्यांत एकदाही केलं नव्हतं. आता दर दोन झाडण्यांनंतर फक्त मान आणि खांदा ज्योतीत फिरवून घेतो. अंधाऱ्या खोलीत, लाल व्हायच्या आत बाहेर. बुडाला ऊब पोचता कामा नये. बुड नरम पडलं तर दाब झेलणार नाही, ती पुंगळी कायमची बाद. पितळ पाण्यात टाकलं तरी पोलादासारखं कडक होत नाही, तेव्हा थंड कसंही केलं तरी चालतं. नरम केल्यावर एक फरक लगेच जाणवतो: गोळी बसवताना प्रेसच्या दांड्यावर सगळ्या काडतुसांना सारखा जोर लागतो. आधी एखादी मऊ, एखादी कुरकुरत बसायची. कडक मान आवळली तरी जास्त मागे उसळते, म्हणून तीच कडी लावूनही पकड वेगळी यायची.

टूलरूमवाला

त्या पन्नासातली एक उभी कापून बघितली का? मोजून जेवढं कळतं त्यापेक्षा कापून जास्त कळतं.

एरीकाठ

काका, तुमचं वाचून काल रात्री कापली. दोन कापल्या. एक या डब्यातली, पाच टिंबांची, फक्त मान आवळलेली. दुसरी पूर्ण डाय हाती घेतली त्या सुरुवातीच्या दिवसांतली, जेव्हा मी अर्धा-अर्धा फेरा फिरवून खांदा भलताच मागे ढकलत होतो.

बारीक करवतीने उभ्या चिरल्या, कानशीने कड साफ केली आणि दिव्याखाली धरल्या. जुनीत बुडापासून वर, जिथे जाड भिंत पातळ होते तिथे, आतून एक बारीक खाच गोल फिरली आहे, नखाला लागते. आणखी दोन-तीन झाडण्यांत तिथूनच तुटली असती. डब्यातल्या पुंगळीत तिथे काहीच नाही. भिंत खालून वर एकसारखी निमुळती. राइनतीर, हा मुद्दा तुमचा. फक्त मान आवळण्यानेच ही पुंगळी वाचली.

उरलेल्या एकोणपन्नास टाकणार नाही. माना आज सकाळी नरम केल्या. मग बॉडी डाय वहीतल्या मापावर बसवली आणि आधी त्या अकरा घट्ट पुंगळ्या घेतल्या. कापलेली त्यांतलीच, म्हणून दहा उरल्या होत्या. पिन काढलेल्या बोल्टमध्ये एकेक घातली. नऊ वेळा दांडा आपोआप खाली आला. दहावी अजून अडते. तिचा खांदा मोजला तर इतरांएवढाच आहे, म्हणजे अडचण बुडाजवळ असावी. ती वेगळी ठेवली आहे, काका, तुमच्यासाठी फोटो काढून टाकतो.